पाखरू आकाशाला परत देताना

सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातील हंसाची कथा भारतीय मुलांच्या कानांवर फार लहानपणी पडते. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला हंस सिद्धार्थाने उचलला, बाण काढला, जखमेवर उपचार केला आणि देवदत्त हंस मागू लागला तेव्हा तो देण्यास नकार दिला. वाद सभेपुढे गेला. मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा अधिकार मोठा, असा निर्णय झाला. बालमनावर जो संस्कार व्हावयाचा तो एवढ्याने होतो. परंतु जखमी पाखरांची शुश्रूषा हे ज्यांनी आपले काम मानले आहे, त्यांच्यापुढील खरा प्रश्न या निर्णयानंतर सुरू होतो. बाण तर काढला, पुढे काय? हंसाला खाऊ काय घालावे, ठेवावे कोठे, त्याच्या पंखात पुन्हा बळ आले की नाही हे ओळखावे कसे, आणि मुख्य म्हणजे, ज्याने तारले त्याने हंस आपल्याजवळ ठेवावा काय?

जीवदयेची परंपरा या देशाला नवी नाही. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आदी धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरचे पांजरपोळ उभे राहिले. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी असलेल्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. त्याचा आरंभ १९२९ सालचा, आणि आजची इमारत १९५७ सालची. पंख्याच्या पात्याने कापलेली कबुतरे, मांजराच्या तोंडून सुटलेले पोपट, उन्हाने घेरी येऊन पडलेली पाखरे तेथे आणली जातात आणि त्यांच्यावर विनामूल्य उपचार होतात.

तथापि आश्रय देणे आणि पुनर्वसन करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पांजरपोळात आलेली म्हातारी गाय तेथेच सुखाने मरावी, हा त्या संस्थेचा हेतू असतो, आणि तो योग्यच आहे; कारण गाय हे माणसाच्या दारचे जनावर. रानपाखराची गोष्ट निराळी. त्याला दाणापाणी, ऊब आणि सुरक्षितता दिली तरी जे त्याचे खरे जीवन, ते त्याला मिळत नाही. म्हणून पक्षी वाचला की नाही, याचा हिशेब पिंजऱ्यात करता येत नाही. सोडल्यानंतर तो स्वतःचे अन्न स्वतः मिळवू शकला, शत्रूपासून निसटू शकला आणि आपल्या जातीच्या पाखरांत मिसळू शकला, तरच उपचार सफळ झाला. बाकी सारी केवळ तयारी.

हे काम किती अवघड आहे, हे दिल्लीच्या घारींकडे पाहिले म्हणजे समजते. जगातील शिकारी पक्ष्यांच्या अत्यंत दाट वस्त्यांमध्ये दिल्लीच्या घारींची गणना होते. शहराचा कचरा, खाटिकखान्यांच्या आसपासचे टाकाऊ मांस आणि जुन्या दिल्लीत पुण्य म्हणून घारींना मांस घालण्याची चाल यांवर या वस्तीचे पोषण होते. हिवाळ्यात हिमालय ओलांडून मध्य आशियातील घारीही येथे येऊन राहतात. याच आकाशात पावसाळ्यात, विशेषतः स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, हजारो पतंग चढतात. आपल्याकडे नागपूर आणि येवले येथे किंवा गुजरातेत जे दृश्य संक्रांतीला दिसते, ते दिल्लीत ऑगस्टमध्ये दिसते. पतंग काटण्यासाठी दोऱ्यावर काचेची पूड चढविलेली असते. साधा सुती मांजा निदान काही काळाने कुजतो, तुटतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही. पतंग कटून गेल्यावरही तो झाडांच्या फांद्यांत, विजेच्या तारांत महिनोन् महिने लोंबत राहतो आणि सण संपल्यावरही पाखरे कापीत राहतो.

मांजाची जखम बहुधा एका ठराविक जागी होते. पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्या मध्ये, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्या काठाने एक लवचिक स्नायुरज्जू जातो. पंख पसरला की हा पडदा शिडासारखा ताठ होतो आणि त्याच्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेला तो गोलवा येतो, ज्याच्या आधारावर पक्षी हवेत तरतो. उडणाऱ्या घारीला मांजा न दिसल्याने तो प्रथम येथेच अडकतो. सुटण्यासाठी ती जितकी फडफडते, तितका दोरा करवतीसारखा आत जातो. पडदाच फाटला असेल तर तो शिवता येतो. परंतु रज्जू तुटला असेल, तर जखम भरूनही पंख पूर्ण ताणला जात नाही, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी घार पुन्हा कधी नीट उडू शकत नाही.

लाल मंदिराचे रुग्णालय शाकाहाराच्या तत्त्वावर चालते. मांसाहारी पक्ष्यावर तेथे बाह्यरुग्ण म्हणून मलमपट्टी होते; पण त्याला मांस घालून ठेवून घेणे संस्थेच्या धर्मतत्त्वात बसत नाही. तत्त्वाच्या दृष्टीने हे सुसंगतच आहे. परंतु आठवडेच्या आठवडे उपचार लागणाऱ्या घारीने जावे कोठे, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. तो प्रश्न दिल्लीतील नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांनी आपल्या अंगावर घेतला. तरुणपणी त्यांना एक जखमी घार सापडली होती, आणि ती कोठे ठेवून घेतली जाईना. दोघांना शरीर कमावण्याचा नाद होता; स्नायू आणि स्नायुरज्जू यांची पहिली ओळख त्यांना त्या नादातूनच झाली. पुढे घरच्या लहानशा कारखान्याच्या जोडीने, तळघरात आणि गच्चीवर, त्यांनी घारींची शुश्रूषा सुरू केली. २०१० साली त्या कामाला संस्थेचे रूप मिळाले, आणि हजारो पक्षी त्यांच्या हातांखालून गेले. शौनक सेन यांनी २०२२ साली त्यांच्यावर काढलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा अनुबोधपट देशोदेशी गाजल्यामुळे हे काम जगाला कळले. पदवीधर पशुवैद्य नसलेल्या माणसांनीही जाणत्यांच्या साहाय्याने किती मजल मारावी, याचे हे उदाहरण आहे. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे, हेही विसरता कामा नये. कारण या क्षेत्रात केवळ कळवळ्याने जितकी पाखरे वाचतात, तितकीच कदाचित मरतात.

पाखराचे शरीर माणसाच्या शरीराहून वेगळे आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे असे होते. माणसाच्या छातीखाली श्वासपटल असते. पक्ष्याला तसे श्वासपटल नाही. तो छातीचे हाड खालीवर हलवून श्वास घेतो. भीतीने फडफडणारे पाखरू सुटू नये म्हणून कोणी त्याची छाती मुठीत घट्ट आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरून मरते. पाण्याचेही तसेच. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच उघडते. अर्धवट शुद्धीत असलेल्या पाखराची चोच उघडून त्यात पाणी ओतले, की ते पोटाऐवजी फुप्फुसाकडे जाते. पाणी पाजल्याचे समाधान माणसाला मिळते, आणि पाखरू दुसऱ्या दिवशी दगावते. दूध तर देऊच नये; दुधातील साखर पचविण्याची सोय पक्ष्याच्या पोटात नाही.

मग सापडलेल्या पाखरासाठी सामान्य माणसाने करावे तरी काय? जाणत्यांचे उत्तर असे, की फार थोडे करावे, पण ते नीट करावे. पाखरावर हलकेच एखादा सुती कपडा टाकावा. डोळ्यांपुढे अंधार आला की त्याची धडपड बरीच थांबते. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून त्याला उचलावे आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापड अंथरून ठेवावे. तारेचा पिंजरा वापरू नये, कारण तारांवर आपटून पिसे मोडतात. खोके शांत, अंधाऱ्या आणि उबदार जागी असावे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सियस असते, आणि घायाळ पाखराची ऊब फार लवकर जाते. उपचाराचा क्रम आधी ऊब आणि विश्रांती, मग द्रवपदार्थ आणि सर्वांत शेवटी अन्न असा आहे. घरोघरी नेमके याच्या उलट घडते. घरातल्या सर्वांनी येऊन पाखराला पाहणे, मुलांनी त्याला गोंजारणे, हे तर टाळावेच. माणसाला जो प्रेमाचा स्पर्श वाटतो, तो पाखराला शत्रूची पकड वाटतो.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. घार, घुबड यांच्या चोचीपेक्षा त्यांच्या नख्यांना जपावे. बगळ्याची आणि करकोच्याची चोच माणसाच्या डोळ्यांचा वेध घेते, म्हणून त्यांना तोंडापासून दूर धरावे. हात नंतर साबणाने धुवावे, आणि एका जागी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. पक्ष्यांमधील फ्लूची भारतातील पहिली साथ २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उद्भवली होती, हे महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मांजराने धरलेले पाखरू वरून धड दिसले, तरी त्याला लगेच वैद्याकडे न्यावे. मांजराच्या लाळेतील जंतू बारीकशा दातखुणेतूनही रक्तात शिरतात आणि वेळीच औषध न मिळाल्यास पाखरू बहुधा वाचत नाही.

याहूनही मोठी चूक घडते ती जखमी नसलेल्या पाखरांच्या बाबतीत. चैत्र-वैशाखात बागेत, अंगणात एखादे पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसते. अंगावर पिसे आलेली असतात, शेपूट आखूड असते, उडता नीट येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, बिचारे घरट्यातून पडले, आईबापांनी टाकले. प्रत्यक्षात बुलबुल, साळुंकी, दयाळ अशा अनेक पक्ष्यांची पिल्ले उडावयास येण्यापूर्वीच घरटे सोडतात आणि काही दिवस जमिनीवर व झुडपांत वावरतात. आईबाप जवळच असतात. माणूस दूर होण्याची वाट पाहत असतात. अशा पिल्लाला घरी नेणे म्हणजे सदिच्छेने केलेले अपहरणच. त्याला मांजरा-कुत्र्यापासून वाचविण्यासाठी शेजारच्या झुडपावर ठेवावे आणि आपण निघून जावे. अंगावर पिसे नसलेले, उघडे पिल्लू खाली पडले असेल, तर ते घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षिणी पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पाकोळीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिचे पाय इतके आखूड असतात, की सपाट जमिनीवर पडल्यास तिला पुन्हा उडणे जड जाते. ती जखमी नसेल, तर तळहातावर उंच धरली तरी कित्येकदा आपली आपण हवेत झेपावते.

पिल्लू घरी वाढविण्यात आणखी एक धोका आहे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी हंसक-बदकांच्या पिल्लांवर निरीक्षणे करून १९३५ साली दाखविले, की अंड्यातून बाहेर पडल्यावर ठराविक काळात जो हलता प्राणी समोर येतो, त्यालाच ही पिल्ले आई मानतात. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सर्वच पक्ष्यांत हा ठसा सारखा उमटत नाही. तरी माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसाला भीत नाही, स्वतःची जात ओळखत नाही आणि सोडल्यावर जो पहिला मनुष्य दिसेल त्याच्या खांद्यावर जाऊन बसते. तो मनुष्य दयाळू असेलच असे नाही. म्हणून जाणती केंद्रे पिल्लांना शक्यतो एकेकटे वाढवीत नाहीत, त्यांच्याशी बोलत नाहीत, त्यांना नावे देत नाहीत. पाखराचे भले ज्यात आहे, ते माणसाच्या हौसेला कठोर वाटते.

खरोखर वाट चुकलेले पक्षी निराळेच. जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वारे भरात आले, म्हणजे खुल्या समुद्रावर राहणारे बूबीसारखे पक्षी थकून कोकणाच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना काही इजा नसेल, तर लोक त्यांना उचलून पुन्हा लाटांवर टाकतात. तेथे ते बुडतात. त्यांना विश्रांती हवी असते, शक्ती भरून यावयास हवी असते आणि वादळ शमल्यावर समुद्र हवा असतो. आसामात हाफलाँगजवळ जटिंगा म्हणून एक गाव आहे. तेथे पावसाळ्याच्या अखेरीस, चांदणे नसलेल्या धुक्याच्या रात्री, दिव्यांच्या उजेडाकडे नाना जातींचे पक्षी खेचले जातात आणि भांबावून खाली उतरतात. एकेकाळी या पक्ष्यांच्या ‘आत्महत्ये’च्या कथा देशभर पसरल्या होत्या. प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागाचे सुधीर सेनगुप्ता यांनी १९७७ पासून तेथे अभ्यास केला. त्यात आत्महत्येसारखे काही नव्हते. धुक्यात दिशा हरपलेले पक्षी उजेडाकडे येत आणि माणसांच्या हाती सापडत. म्हणजे वाट चुकवितो तो दिवा, आणि मारतो तो माणूस.

केंद्रात दाखल झालेल्या पक्ष्याचा पुढचा प्रवास संथ असतो. पक्ष्यांची हाडे पोकळ आणि पातळ असली, तरी नीट बसविल्यास साधारण तीन आठवड्यांत सांधतात. पण पंखाचे हाड किंचितही वाकडे सांधले, तर उड्डाणाचा तोल जातो. पिसांची गोष्ट आणखी वेगळी. मुळासकट उपटलेले पीस पुन्हा उगवते. मध्येच मोडलेले पीस मात्र पुढच्या पिसे झडण्याच्या हंगामापर्यंत तसेच राहते. तेवढा काळ पक्ष्याला कोंडून ठेवण्यापेक्षा, मेलेल्या पक्ष्याचे त्याच जागेचे पीस घेऊन ते मोडक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बारीक काडी घालून चिकटविण्याची युक्ती योजतात. ही युक्ती ससाणे पाळणाऱ्या बाजदारांकडून आलेली आहे. ज्या विद्येने पक्ष्याला शिकारीसाठी बांधून ठेवले, तीच आज त्याला सोडण्यासाठी उपयोगी पडते. अखेरीस मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव, स्वतः अन्न मिळविण्याची परीक्षा आणि मग सुटका. तीही शक्यतो जेथे सापडला त्याच परिसरात आणि योग्य वेळी करावयाची. दिवसा उडणाऱ्या पक्ष्याला सकाळी सोडतात, घुबडाला संध्याकाळी. भर दिवसा सोडलेल्या घुबडामागे कावळ्यांचा थवा लागतो.

सर्वच पक्षी या परीक्षेत उतरत नाहीत. काही पहिल्या रात्रीच जातात. काही जगतात, पण पुन्हा उडणार नाहीत हे निश्चित होते. अशा पक्ष्याला जन्मभर सांभाळावे, की त्याच्या यातना संपवाव्यात, हा प्रश्न प्रत्येक केंद्रापुढे उभा राहतो. पाश्चात्त्य देशांत दुसरा मार्ग पुष्कळदा स्वीकारला जातो. आपल्याकडील अनेक संस्थांना तो मानवत नाही. पण न मारण्याचे व्रत घेणाऱ्यानेही एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. मैलोन् मैल घिरट्या घालणाऱ्या घारीला चार हात लांबीच्या खोलीत दहा वर्षे ठेवणे ही दया आहे, की दयेचे समाधान आहे? याचे उत्तर सोपे नाही, आणि ज्यांना ते सोपे वाटते त्यांनी बहुधा तो पक्षी रोज पाहिलेला नसतो.

सापडलेल्या पाखरावर हक्क कोणाचा, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सापडलेला संरक्षित वन्य पक्षी ही शासनाची मालमत्ता ठरते. ज्याच्या ताब्यात तो येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळविले पाहिजे. हेतू चांगला होता, या सबबीवर पोपट किंवा घुबड घरी ठेवता येत नाही. कायद्याची ही भाषा रुक्ष वाटते. पण तिच्यामागे अनुभव आहे. ‘वाचविला’ म्हणून ठेवलेला आणि विकत घेऊन पिंजऱ्यात घातलेला पक्षी यांत बाहेरून फरक दिसत नाही, आणि पाखरांचा व्यापार याच आडोशाने चालतो. नागपूरच्या सेमिनरी हिल्ससारख्या ठिकाणी वनखात्याने उपचार केंद्रे काढली आहेत. इतरत्र स्वयंसेवी संस्था हे काम करतात. सापडलेले पाखरू त्यांच्या स्वाधीन करणे, हेच त्याच्यावरील खरे प्रेम.

शेवटी एक आक्षेप उरतो. लाखो पक्षी मरत असताना चारदोन वाचवून काय साधते? याचे उत्तर गिधाडांच्या इतिहासात आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतातून झपाट्याने नाहीशी होऊ लागली; पंधरा-एक वर्षांत ती ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आजारी गिधाडांची शुश्रूषा आणि अभ्यास यांसाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते यांनी २००१ साली पिंजोर येथे केंद्र काढले. मरणाचे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून उघड झाले. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, आणि पिंजोरचे शुश्रूषाकेंद्र गिधाडांच्या पैदाशीचे केंद्र झाले. सगळी गिधाडे खाटेवर घालून वाचविता आली नसती. पण मेलेल्या आणि आजारी गिधाडांकडे कोणी पाहिलेच नसते, तर कारणही सापडले नसते.

मांजाचेही तसेच झाले. रुग्णालयांत येणाऱ्या कापलेल्या पंखांचा आणि माणसांच्या कापलेल्या गळ्यांचा पुरावा पुढे आला, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. ती बंदी पूर्णपणे पाळली जात नाही, हे दर सणाला रुग्णालयांत येणारी पाखरे सांगतात. प्रत्येक जखमी पाखरू हा केवळ रुग्ण नसतो, तो साक्षीदारही असतो. त्याची जखम बांधणे हे अर्धे काम. ती कशाने झाली, हे विचारणे उरलेले अर्धे. संक्रांतीनंतर झाडावर लोंबणारा मांजा काठीने काढून त्याचे तुकडे करणाऱ्या मुलाने अनेक पंख वाचविलेले असतात. त्याला ते कधी कळत नाही, एवढेच.

सिद्धार्थाच्या सभेत हंसावर दोघांनी हक्क सांगितला होता. एकाने मारल्याचा, दुसऱ्याने तारल्याचा. तिसरा हक्क होता तो हंसाचा स्वतःचा, आणि तो सांगण्यास त्याच्यापाशी वाणी नव्हती. होते ते फक्त पंख. जाळीघराचे दार उघडल्यावर बरी झालेली घार क्षणभर कठड्यावर बसते, मान वळवते आणि मग वारा धरून निघून जाते. ती मागे वळून पाहत नाही, आभार मानीत नाही, पुन्हा भेटीस येत नाही. तिने तसे करावे, अशी अपेक्षाही ज्याच्या मनात उरली नाही, त्यानेच तिला खऱ्या अर्थाने तारले.